सहा लाख आणि आफ्रिकेतली सोन्याची खाण

पत्राचा सारांश: वाचक सोलापूरचे, वय ४६. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहेत. पत्नी शिक्षिका, मुलगी अकरावीत. मोहोळ तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन विकल्यावर त्यांच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ६ लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. टोरांटोत नोकरी करणाऱ्या भाच्याने कॅनडाच्या व्हेंचर बाजारात, म्हणजे छोट्या, नवख्या कंपन्यांच्या शेअर बाजारात नोंदलेल्या एका छोट्या सोने-खाण कंपनीचं नाव सुचवलं. शेअरचा भाव ३० सेंट. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात कंपनीचा परवाना आहे आणि ड्रिलिंगचे निकाल ‘जबरदस्त’ आले आहेत. साडू सराफ आहेत. ते म्हणतात, सोन्यातला पैसा कधी बुडत नाही. वाचकांची १० वर्षं थांबायची तयारी आहे. भाचा म्हणतो, ‘मामा, तुम्ही पैसे पाठवा, मी माझ्या खात्यातून घेतो.’ पत्नीचं म्हणणं एवढंच, की आधी मला समजेल असं सांगा, मग टाका. आणि तेच त्यांना जमत नाहीये. त्यांचा प्रश्न: अशा कंपनीचा अभ्यास नेमका करायचा कसा, आणि दहा वर्षांसाठी हा शेअर घ्यावा का?

नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही कंपनीच्या सादरीकरणाची पानं पाठवलीत, ती मी शेवटपर्यंत वाचली. सोन्याचा भाव कसा चढला याचे तक्ते आहेत, शेजारच्या मोठ्या खाणीचा नकाशा आहे, संचालकांचे फोटो आहेत. कंपनीच्या खात्यात आज किती पैसे आहेत आणि ते किती महिने पुरतील, याची मात्र एक ओळही नाही. तुम्ही हिशेबनीस आहात. एखाद्या टॉवेल कारखान्याचा प्रस्ताव असा तुमच्या टेबलावर आला असता, तर तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असता. इथे तो राहून गेला, कारण विषय सोन्याचा आहे. तुमचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. तिकडे येतेच, पण आधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गृहीतकांबद्दल बोलू.

साडूंचं म्हणणं त्यांच्या दुकानापुरतं बरोबर आहे. पाटल्या घेतल्या तर उद्या भाव पडला तरी पाटल्या हातात राहतात. पण तुम्ही पाटल्या घेत नाही आहात. सोन्याच्या भावाची आपली आठवणही थोडी फसवी आहे. सप्टेंबर २०११ मध्ये सोनं औंसाला १,९०० डॉलरच्या आसपास होतं, डिसेंबर २०१५ मध्ये ते १,०५० च्या जवळ आलं. म्हणजे साधारण ४५ टक्के उतरलं. सोलापूरच्या सराफ बाजारात ही पडझड तेवढी जाणवली नाही, कारण त्याच काळात डॉलर ४७-४८ रुपयांवरून ६६ वर गेला आणि आयात शुल्कही १० टक्क्यांपर्यंत वाढलं. रुपया घसरला म्हणून आपलं सोनं सावरलं. छोट्या खाण कंपन्यांना सावरणारं कोणी नव्हतं. त्यांचे शेअर त्या चार-पाच वर्षांत सरासरीने ८० टक्क्यांहून जास्त पडले, कित्येक कंपन्या नावालाही उरल्या नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४,००० डॉलर ओलांडले, तेव्हा या शेअरांना पुन्हा पंख फुटले. तुमच्यापर्यंत हे नाव नेमकं आता का पोचलं, त्याचं उत्तर यातच आहे. भाच्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. भाव चढलेला असताना अशा कंपन्यांना पैसा उभा करणं सोपं जातं, म्हणून त्यांची प्रसिद्धीही याच काळात सगळ्यात जोरात असते.

अशा छोट्या शोध-कंपन्यांना या धंद्यात ‘ज्युनिअर’ म्हणतात. ‘ज्युनिअर’ म्हणजे काय ते आता पाहू. तुमच्या या कंपनीकडे खाण नाही. जमिनीखाली सोनं आहे का हे शोधायचा परवाना तिच्याकडे आहे. तिला विक्रीतून एक पैसाही येत नाही. ती शेअर विकते, त्या पैशातून भोकं पाडते, निकाल जाहीर करते आणि पुन्हा शेअर विकते. हे काम प्रामाणिकपणेही चालतं आणि जगातल्या अनेक मोठ्या खाणी अशाच छोट्या कंपन्यांनी शोधल्या आहेत. पण शोध लागल्यापासून पहिली सोन्याची वीट ओतली जाईपर्यंत दहा ते वीस वर्षं सहज जातात, आणि बहुतेक शोध तिथपर्यंत पोचतच नाहीत.

सोनं सापडणं आणि ते काढणं परवडणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या, त्या सोनं संपलं म्हणून नव्हे. तीन किलोमीटरहून खोल जाऊन टनामागे जे थोडे ग्रॅम हाती येत होते, त्यांचा खर्च तेव्हाच्या भावात निघत नव्हता. आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर हट्टीचं घ्या. सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर ती खाण ज्या जिल्ह्यात आहे तिथे काही तासांत पोचाल. कर्नाटक सरकारच्या मालकीची, देशातली मुख्य चालती सोन्याची खाण. तिचं वर्षाचं उत्पादन दीड टनाच्या आसपास, आणि आपण आयात करतो शेकडो टन. तिचे शेअर बाजारात मिळत नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या पत्रात कोणीतरी नक्की विचारेल.

आणि आता तुमची दहा वर्षं. पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात काळजीचं वाटलं. ‘मी दहा वर्षं हात लावणार नाही, म्हणजे धोका आपोआप कमी होईल’ असं तुम्ही लिहिलंय. नफा कमावणारी कंपनी असेल तर काळ तुमच्या बाजूने असतो, कारण दरवर्षीची कमाई साचत जाते. इथे कमाई नाही, खर्च आहे. प्रत्येक वर्षाचं भाडं, पगार, ड्रिलिंग, परवान्याची फी हे सगळं नव्या शेअरांतून येणार. म्हणजे तुम्ही जितकं थांबाल, तितका तुमचा वाटा बारीक होत जाईल.

आकडे मांडून दाखवते. हे उदाहरणाचे आहेत, तुमच्या कंपनीचे नव्हेत. समजा कंपनीचे १२ कोटी शेअर आहेत, खात्यात २४ लाख डॉलर आहेत आणि तिमाहीला ८ लाख खर्च होतात. म्हणजे पैसे नऊ महिन्यांचे. त्याआधीच तिला पैसा उभारावा लागणार. बाजारात भाव ३० सेंट असला तरी मोठ्या खरेदीदाराला सवलत हवी असते, म्हणून २५ सेंटने २.४ कोटी नवे शेअर विकून ती ६० लाख डॉलर घेते. सोबत खूश करायला दर दोन शेअरांमागे एक वॉरंट देते, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे आणखी शेअर घ्यायचा हक्क. ते १.२ कोटी. सगळे वॉरंट वापरले गेले, तर १२ कोटींचे १५.६ कोटी झाले. अशा तीन फेऱ्या झाल्या की तुमचा १०० चा वाटा ४५-४६ वर येतो. तुमच्या हातातले शेअर तेवढेच, कंपनी तीच, सोनंही तेवढंच, फक्त भागीदार दुपटीहून जास्त. दहा वर्षांत तीनच फेऱ्या होणं म्हणजे नशीबच म्हणायचं.

म्हणून पहिला कागद तांत्रिक अहवाल नव्हे, तिमाहीचे हिशेब. कॅनडातल्या नोंदलेल्या कंपन्यांचे सगळे कागद ‘सेडार प्लस’ या सरकारमान्य संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिथे तुमच्या कंपनीचं नाव टाका आणि शेवटच्या चार तिमाहींचे हिशेब समोर ठेवा. रोख किती, महिन्याचा खर्च किती, त्यातला जमिनीखाली किती गेला आणि कार्यालय, पगार, प्रसिद्धीवर किती. निम्म्याहून जास्त पैसा भोकं पाडण्याऐवजी माणसांवर आणि जाहिरातीवर जात असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. मग एकूण शेअर, ऑप्शन (संचालकांना, कर्मचाऱ्यांना दिलेला ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) आणि वॉरंट मिळून पूर्ण संख्या काढा. वॉरंट कोणत्या भावाला आणि कोणत्या तारखेपर्यंत आहेत ते पाहा. ३५ सेंटचे ढीगभर वॉरंट असतील, तर भाव त्याच्यावर गेला की विक्री सुरू होईल. संचालकांनी बाजारातून स्वतःच्या पैशाने शेअर घेतलेत का, की त्यांच्याकडे फक्त फुकट मिळालेले ऑप्शन आहेत, हेही बघा. हे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल. तुमचा पेशाच तो आहे.

३० सेंट म्हणजे स्वस्त, हा विचार इथेच सोडून द्या. भावाला पूर्ण शेअरसंख्येने गुणा, त्यातून रोख वजा करा, तेवढी त्या कंपनीची किंमत.

आता ‘जबरदस्त’ ड्रिलिंगकडे. मोहोळची जमीन कसलेल्या घरातले आहात, बोअर घेताना काय होतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. पाणाडी जागा दाखवतो, गाडी येते, दोनशे फुटांवर पाणी लागतं, सगळे टाळ्या वाजवतात. पण मे महिन्यात ते पाणी किती वेळ चालतं, त्यावर ऊस लावायचा का, हे त्या दिवशी कोणालाच कळत नाही. त्यासाठी शेजारच्या बोअर, खडकाची जात, चार उन्हाळे हे सगळं बघावं लागतं. सोन्याच्या एका भोकाच्या निकालाची किंमत साधारण तेवढीच.

निकाल असा जाहीर होतो: ‘२० मीटर लांबीत टनाला ४ ग्रॅम.’ ऐकायला छान. पण त्या २० मीटरमध्ये एकाच मीटरला ७० ग्रॅम असेल आणि उरलेल्या १९ मीटरमध्ये अर्धा-अर्धा ग्रॅम, तरी सरासरी चारच येते. ती एक अरुंद शीर आहे, वीस मीटरचा साठा नव्हे. अशा शिरेभोवतीचा रिकामा दगडही काढावा लागतो. म्हणून निकालाखालचा बारीक तक्ता वाचा, ‘यापैकी’ असं म्हणून आतला भाग वेगळा दिला आहे का ते बघा. दुसरं, भोक तिरकं असतं तेव्हा कापलेली लांबी शिरेच्या खऱ्या जाडीपेक्षा जास्त भरते. ‘खरी जाडी माहीत नाही’ असं लिहिलं असेल, तर ते प्रामाणिक आहे, पण मग उत्साह आवरता घ्या. तिसरं, नकाशावर सगळी भोकं शोधा. चांगल्या पाच भोकांची बातमी येते, मधल्या रिकाम्या निघालेल्या सात भोकांची येत नाही. पण ती नकाशावर असतात.

इथे ब्रे-एक्सचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण आजचे बरेच नियम त्यातून आले. कॅलगरीची ही छोटी कंपनी इंडोनेशियातल्या पूर्व कालीमंतान प्रांतातल्या बुसांग इथे जगातला सर्वांत मोठ्यांपैकी एक साठा सापडल्याचं सांगत होती. काही पैशांचा शेअर चढत चढत कंपनीचं मूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेलं. मोठमोठे बँक-विश्लेषक भुलले. ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे त्यात गेले. मार्च १९९७ मध्ये तिचा भूगर्भतज्ज्ञ हेलिकॉप्टरमधून पडून मेला, भागीदारीसाठी आलेल्या फ्रीपोर्ट कंपनीने स्वतः भोकं पाडली तेव्हा सोनं नगण्य निघालं, आणि मे महिन्यात स्वतंत्र तपासणीने सांगितलं की नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. खूण आधीपासून समोर होती. रीत अशी की जमिनीतून काढलेला दगडी दांडा, म्हणजे कोअर, उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत जपून ठेवतात, म्हणजे कोणालाही पुन्हा तपासता येतो. ब्रे-एक्स जवळपास सगळा कोअर दळायला पाठवत होती. पुन्हा तपासायला काही उरलंच नाही. आणि हे कोणी लपवलेलं नव्हतं, विचारणाऱ्याला कळलं असतं. पण इतका चढणारा शेअर असताना विचारणार कोण?

त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने ‘नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१’ हा नियम आणला. त्यामुळे आता तांत्रिक अहवालावर पात्र तज्ज्ञाची सही लागते. ऑस्ट्रेलियात ‘जॉर्क’ नावाची तशीच संहिता आहे. तुमच्या कंपनीचा हा अहवाल काढा. शे-दोनशे पानं असतात, सगळी वाचू नका. सही करणारा तज्ज्ञ स्वतंत्र आहे की कंपनीचाच नोकर, ते पहिल्या पानांतच कळतं. मग नमुन्यांची साखळी आणि तपासणी यांचं प्रकरण वाचा: मुद्दाम घातलेले कोरे नमुने, ठरलेल्या ग्रेडचे (ग्रेड म्हणजे टनामागे किती ग्रॅम सोनं) नमुने, दुबार नमुने यांचे निकाल कसे आले. मग साठ्याचा तक्ता.

साठ्याच्या तक्त्यात नवखा माणूस हमखास फसतो. ‘रिसोर्स’ आणि ‘रिझर्व्ह’ हे एक नव्हेत. रिसोर्स म्हणजे जमिनीखाली असावा असा अंदाजलेला साठा. रिसोर्समध्ये तीन पायऱ्या आहेत: इन्फर्ड, इंडिकेटेड, मेझर्ड. इन्फर्ड म्हणजे लांब-लांबच्या भोकांवरून बांधलेला अंदाज, पुढच्या दोन पायऱ्यांत खात्री वाढत जाते. खर्च, परवाने, भाव सगळं जमेस धरून जे काढणं परवडतं असं अभ्यासाने ठरतं, तो रिझर्व्ह, आणि इन्फर्डवरून थेट रिझर्व्ह जाहीर करता येत नाही. तुमच्या सादरीकरणात ‘पाच लाख औंस’ हा आकडा मोठ्या अक्षरात आहे, त्याखाली बारीक अक्षरात ‘इन्फर्ड’ लिहिलंय. तो आकडा कसा येतो, तेही स्वतः करून बघा. एक कोटी टन दगड, टनाला दीड ग्रॅम, म्हणजे दीड कोटी ग्रॅम. औंस ३१.१ ग्रॅमचा. भागाकार ४ लाख ८२ हजार. आता ग्रेड दीडऐवजी एक निघाला, तर औंस तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात आणि खोदायचा, दळायचा दगड मात्र तेवढाच राहतो. त्यातही सगळं सोनं हाती येत नाही. काही खडकांत ते गंधकाच्या खनिजात असं अडकलेलं असतं, की साध्या सायनाइडच्या प्रक्रियेत निम्मंही सुटत नाही. ‘धातुशोधन चाचण्या’ या प्रकरणात ही टक्केवारी असते. नसेल, तर चाचण्या झालेल्याच नाहीत असं समजा.

कंपनीने आर्थिक अभ्यास प्रसिद्ध केला असेल, तर तो कोणत्या पायरीचा आहे बघा. प्राथमिक अभ्यासात इन्फर्डचं सोनंही धरता येतं, म्हणून तो नेहमी गुलाबी दिसतो. पूर्ण व्यवहार्यता अभ्यासात ते चालत नाही. प्रत्येक अभ्यासात सोन्याचा भाव बदलला तर काय होईल याचा तक्ता असतो. त्यात सोनं पाव हिश्श्याने खाली गेलेल्या ओळीवर बोट ठेवा. तिथे प्रकल्प तोट्यात जात असेल, तर तुम्ही खाणीवर नाही, सोन्याच्या भावावर पैज लावताय, आणि ती पैज स्वस्तात लावायला गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअर बाजारात मिळणारा फंड आहे.

देशाबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ होती, ‘तिथे लोकशाही नाही पण खाणी खूप आहेत’. ही ओळ एवढ्यावर सोडू नका. शेजारच्या मालीचं पाहा. २०२३ मध्ये तिथे नवा खाण कायदा आला, त्यात सरकारचा आणि स्थानिकांचा वाटा वाढवला गेला. त्यावरून बॅरिकसारख्या जगातल्या अग्रगण्य सोने-खाण कंपनीशी वाद पेटला, तिचे कर्मचारी अटकेत गेले, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सोनं ताब्यात घेतलं आणि लूलो-गुंकोतोची चालती खाण थांबली. बॅरिककडे वकील होते, वजन होतं, दुसऱ्या खाणींचा पैसा होता. तुमच्या ३० सेंटवाल्या कंपनीकडे यातलं काय आहे? आणि हे फक्त आफ्रिकेचं दुखणं आहे असं समजू नका. आपल्याकडे २०१५ मध्ये खाण कायदा बदलून लिलाव आले आणि २०२१ च्या दुरुस्तीने शोध घेतलेल्यांचे जुने प्रलंबित हक्क संपवले. हावेरी जिल्ह्यातल्या गणजूरवर वर्षानुवर्षं काम केलेल्या, मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सला त्याचा फटका बसला. सोनं जमिनीतच होतं, हक्क बदलला. म्हणून परवाना शोधाचा आहे की खाणीचा, कधी संपतो, नूतनीकरण कोणाच्या हातात आहे, हे अहवालात वाचून तारखांसकट लिहून काढा.

माणसांबद्दल थोडक्यात. संचालकांची नावं घेऊन त्यांच्या मागच्या तीन कंपन्यांचं काय झालं ते शोधा. ज्याने आधी एखादा साठा शोधून विकलाय, त्याला वजन द्या. ज्याच्या कंपन्या दर काही वर्षांनी नाव बदलतात, गेल्या खेपेला लिथियम आणि त्याआधी गांजा करत होत्या, तिथून उठा. टेलिग्रामच्या ग्रुपवर जे ‘टार्गेट’ देतात त्यांचा सेबीकडचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. क्रमांक नसेल तर ग्रुप सोडा.

हे सगळं करूनही शेअर घ्यावासा वाटला, तर ‘दहा वर्षं’ हा हिशेब पायऱ्यांचा करा. या धंद्यात पिअर लसॉन्ड या कॅनडातल्या खाण-उद्योजकाच्या नावाने ओळखली जाणारी एक वक्ररेषा प्रसिद्ध आहे. शोधाच्या बातमीवर शेअर चढतो, मग अभ्यास आणि परवान्यांच्या लांबलचक वर्षांत बातम्या आटतात आणि भाव कोमेजतो, पुढे खाण खरंच बांधली गेली तर उत्पादनाच्या तोंडावर पुन्हा उठतो. तुमची कंपनी आज पहिल्या चढावर आहे. इथे घेऊन दहा वर्षं डोळे मिटणं म्हणजे मधली दरी पूर्ण अंगावर घेणं. त्याऐवजी आधीच लिहून ठेवा, की अमुक पायरीला अमुक दिसलं नाही तर मी बाहेर. उदाहरणार्थ, पुढच्या दीड वर्षात इन्फर्डचा मोठा भाग इंडिकेटेडमध्ये आला नाही, किंवा पूर्ण शेअरसंख्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली, तर विकायचं, भाव काहीही असो. हा कागद मराठीत, एका पानात लिहा आणि पत्नीला वाचायला द्या. त्या शिक्षिका आहेत, कच्चं वाक्य त्यांच्या लगेच लक्षात येईल. त्यांनी तुमच्याकडे परवानगीचा नाही, समजुतीचा आग्रह धरलाय, आणि या सगळ्या प्रकरणात तुम्हाला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला तोच आहे.

भाच्याच्या खात्यातून घेऊ नका. त्याच्या नावावरचे शेअर कायद्याने त्याचे. कर त्याला लागणार, उद्या त्याच्या घरात काही घडलं तर तुम्ही दाखवणार काय? मामा-भाच्याच्या नात्यावर हा भार नको. तुमच्या नावाने घ्यायचं तर रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेतून बँकेमार्फत पैसे पाठवता येतात. वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत मुभा आहे. परदेशी शेअर घेण्याच्या भारतातल्या बहुतेक सोयी अमेरिकन बाजारापुरत्या आहेत, त्यामुळे ही कंपनी तिथे मिळते का, आणि रोज किती शेअरांचा व्यवहार होतो, हे आधी बघा. विकायला गेल्यावर घेणाराच नाही, अशी वेळ या शेअरांत नेहमी येते. परदेशी शेअर असेल तर तुम्हाला आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ भरून शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, तो दरवर्षी दाखवावा लागेल, फायदा झालेला असो वा नसो.

आता माझं मत. ६ लाख टाकू नका. स्वतःला विचारा, यातले किती रुपये शून्य झाले तर घरातला एकही बेत बदलणार नाही? मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांत कॉलेजची फी समोर येईल. माझ्या मते ती रक्कम तुमच्यासाठी ५०,००० च्या वर नाही, आणि तीही दोन भागांत: अर्धी आत्ता, अर्धी पुढच्या पायरीचा निकाल पाहून. पण एवढ्या छोट्या रकमेवर बँकेचं शुल्क आणि डॉलरच्या भावातला फरक जाणवण्याइतका पडतो, हेही धरा. सोन्यावर विश्वास आहे म्हणून हे करत असाल, तर गोल्ड ईटीएफ घ्या, एकाच परवान्यावर सगळं अवलंबून राहणार नाही. खाणींवरच विश्वास असेल, तर परदेशी सोने-खाण कंपन्यांत गुंतवणारी म्युच्युअल फंड योजना रुपयात मिळते. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे अशा योजना मधूनमधून नवे पैसे घेणं थांबवतात, तेवढं तपासा. त्यात उत्पादन करणाऱ्या मोठ्या कंपन्या असतात, म्हणजे कमावणाऱ्या. तिथे तुमची दहा वर्षं खरंच कामी येतील. मुलीच्या फीचे पैसे मात्र यातल्या कशातच नकोत, ते मुदत ठेवीत राहू द्या.

ज्यांच्याकडे अशीच दुसरी नावं आली आहेत, मग ते तांबं असो की लिथियम, त्या वाचकांनाही हाच क्रम लागू पडेल.

आणि शेअर घेण्याआधी कंपनीला एक ईमेल करा. इंग्रजी चार ओळी पुरेत, भाच्याकडून लिहून घ्या. खात्यात आज किती रोख आहे आणि पुढचा पैसा कधी उभारणार? अर्धा कोअर जपून ठेवता का आणि कुठे? धातुशोधनाच्या चाचण्या कोणत्या प्रयोगशाळेने केल्या आणि किती टक्के सोनं सुटलं? शोधाचा परवाना कोणत्या तारखेला संपतो? नोंदलेल्या कंपन्यांमध्ये गुंतवणूकदारांना उत्तरं द्यायला माणूस नेमलेला असतो, त्याचा पत्ता प्रत्येक निवेदनाखाली असतो. दोन आठवड्यांत सरळ उत्तर आलं, तर ते मला पाठवा, पुढच्या सदरात आपण ते ओळीओळीने वाचू. नुसतं नवं सादरीकरण आलं, तर पैसे पाठवू नका.